सत्काराची यादी

पर्युषण पंधरा दिवसांवर आलं की आमच्या घरी कपाटातून एक लांब वही निघते. निळ्या पुठ्ठ्याची, कडा फाटलेली. समाजातल्या गुणवंत मुलामुलींची यादी या वहीत लिहायची आणि सत्काराच्या दिवशी माइकवर वाचून दाखवायची, हे काम गेली १९ वर्षं माझ्याकडे आहे. मी काही फार शिकलेली नाही. अक्षर बरं आहे आणि आवाज मागच्या सतरंजीपर्यंत पोचतो, एवढीच माझी पात्रता.

वहीतले रकाने ठरलेले आहेत. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, परीक्षा, टक्के, आणि शेवटचा रकाना ‘कुठे प्रवेश मिळाला’. त्या शेवटच्या रकान्यात एमबीबीएस असलं की ते नाव मी सगळ्यांत वर घेते. त्याखाली इंजिनिअर, त्याखाली सीए, मग बाकीची लेकरं. असं कर म्हणून मला कुणीही सांगितलेलं नाही. पण परवा जुन्या याद्या उलटून पाहिल्या, तर एकाही वर्षी हा क्रम चुकलेला नव्हता.

हे पान उलटायची वेळ का आली, ते आधी सांगते. त्यात माझी चूक आहे, म्हणून सांगायला जड जातं.

माझ्या धाकट्या जावेची मुलगी आमच्या घरातली हुशार पोर. एसएसएलसीला ९६ टक्के. त्या वर्षी माझ्या वहीत पहिलं नाव तिचं होतं. शाल घालताना मीच माइकवर म्हटलं होतं, ‘ही आपल्या घरातली पहिली डॉक्टरीण होणार!’ टाळ्या पडल्या. पुढे पीयूसीला सायन्स, सोबत नीटचा क्लास. आमच्याकडे बायका गमतीनं म्हणतात, ‘नीट झाली की सगळं नीट.’ पहिल्या वर्षी तिचा नंबर लागला नाही. मग लातूरला खोली घेऊन एक वर्ष रिपीट. तेव्हाही थोडक्यात गेलं. पुन्हा एक वर्ष. खासगी कॉलेजची फी ऐकून दीर गप्प झाले. त्यांचं भुसाराचं दुकान विकूनही ती रक्कम उभी राहिली नसती.

या तीन वर्षांत ती देवळात भेटली की मी एकच विचारायची, ‘काय गं, यंदा लागतोय ना नंबर?’ प्रेमानंच विचारायची. मग हळूहळू ती देवळात दिसेनाशी झाली. मला वाटलं, अभ्यास असेल. एकदा अष्टमीला मी जावेला म्हटलं, ‘पोरगी धर्मापासून लांब चालली की गं.’ जावेनं पूजेच्या ताटलीतले तांदूळ सारखे केले, माझ्याकडे न बघताच म्हणाली, ‘अक्का, ती देवापासून लांब गेली नाही. तुम्ही दारात भेटता म्हणून येत नाही.’

त्या दिवशी प्रदक्षिणा घालताना किती झाल्या, हे मला मोजता आलं नाही.

मैत्रिणींनो, इथून पुढे ‘मार्क म्हणजे सर्वस्व नाही’ असं चार ओळींत लिहून मोकळं होणं मला सोपं होतं. असे लेख आपण पुष्कळ वाचतो. पण ते वाक्य माझ्या हातून उतरेना. कारण शिक्षणाची किंमत मला ठाऊक आहे, आणि ती मी बाहेर उभी राहून मोजलेली आहे.

माझी आजी अंगठा लावायची. जमिनीच्या कागदावर काय लिहिलंय, ते तिला कधीच कळलं नाही. माझी आई चौथी शिकली. मी एसएसएलसी झाले आणि त्याच वैशाखात माझं लग्न झालं. माझ्या पाठच्या बहिणीनं मात्र हट्ट धरून बी.एड. केलं. ती ३१ वर्षांची असताना तिचे यजमान अपघातात गेले. पदरात दोन लेकरं. तेव्हा घरातल्या घरात चर्चा सुरू झाली की हिला कुणाकडे ठेवायचं. ठेवायचं, असाच शब्द होता, जणू ती एखादी पेटी. बहिणीनं सहा महिन्यांत शाळेत नोकरी धरली आणि ती चर्चा बंद झाली. तो बी.एड.चा कागद नसता, तर ती आज भावाच्या घरी पोळ्या लाटत असती आणि लेकरं मामाच्या तोंडाकडे बघत वाढली असती. म्हणून कुणी माझ्यासमोर म्हणालं की डिग्रीत काय ठेवलंय, तर मी त्याला माझ्या बहिणीकडे पाठवते.

आणि आपल्या या भागाचं दुखणंही विसरून चालणार नाही. बीदर, कलबुर्गी म्हणजे जुन्या निजामी राज्याचा कोपरा. १९४८ पर्यंत इथे शाळा-कॉलेजं अशी होतीच किती? १९६३ साली कलबुर्गीत महादेवप्पा रामपुरे मेडिकल कॉलेज निघालं. बीदरला सरकारी मेडिकल कॉलेज यायला त्यानंतर चाळीसहून जास्त वर्षं गेली. रात्री-अपरात्री पोटात दुखायला लागलं की आपली माणसं सोलापूरची नाहीतर हैदराबादची वाट धरत. घटनेत ३७१-जे कलम आलं, आपल्या भागातल्या मुलांसाठी जागा राखल्या गेल्या, तेव्हा कुठे खेड्यातलं पोर मेडिकलचं स्वप्न बघू लागलं. आता बीदर शहर नीटच्या क्लाससाठी नावाजलेलं आहे, आणि औराद-भालकीची पोरं उदगीर-लातूरच्या खोल्यांत डोळे फोडून अभ्यास करतात. हे वाईट आहे असं मी कसं म्हणू? आपल्याला डॉक्टर हवेतच.

पण मग जावेनं जे सांगितलं, त्याचं काय करायचं?

मी आकडे मांडून पाहिले. २०२४ साली देशभर २३ लाखांहून जास्त मुलांनी नीट दिली. एमबीबीएसच्या जागा सरकारी आणि खासगी मिळून लाखाच्या थोड्या वर. म्हणजे सगळ्या मुलांनी जीव तोडून अभ्यास केला, सगळी अतिशय हुशार निघाली, तरी २२ लाख मुलं बाहेरच राहणार. ही काही त्यांच्या बुद्धीची गोष्ट नव्हे, जागाच तेवढ्या आहेत. आणि आपण काय करतो? १८-१९ वर्षांच्या पोरांचे दोन ढीग करतो. हे यशस्वी, हे अयशस्वी. ज्यानं अजून एकाही माणसाची नाडी धरलेली नाही, तो यशस्वी. जिला उभं आयुष्य काम करायचंय, ती अयशस्वी.

वही पुढ्यात घेऊन बसले होते, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. माझ्या यादीत १९ वर्षांत कुणाच्याही कामाची नोंद नव्हती. सगळ्या नोंदी प्रवेशाच्या. आपण दाराशीच हार घालतो. माणूस आत गेला, त्यानं तिथे काय केलं, कुणाचं दुखणं हलकं केलं, कुणाच्या खिशात हात घातला, हे विचारायला पुन्हा जात नाही. पहिल्या वर्षी माझ्या यादीत असलेली मुलं आज चाळिशीकडे झुकली असतील. त्यांतल्या कितीजणांचं काम मला माहीत आहे? दोघातिघांचं.

आमच्या सासूबाई शेवटच्या आजारात होत्या, तेव्हा आम्ही दोन डॉक्टर पाहिले. दोघांचीही डिग्री तीच. एकानं पहिल्याच दिवशी कागदभर तपासण्या लिहून दिल्या आणि त्या कुठे करायच्या, तेही सांगितलं. त्यांतल्या निम्म्या लागणार नव्हत्या, हे आम्हाला मागाहून कळलं. दुसऱ्यानं खुर्ची जवळ ओढली आणि सासूबाईंना विचारलं, ‘काय म्हणूलालंय पोट, आई?’ औषध थोडं दिलं. आम्हाला खरं ते सांगितलं, की आता घरी ठेवा, दुखणार नाही एवढं मी बघतो. सासूबाई शांतपणे गेल्या. या दोघांनाही आपापल्या गावात कधीतरी सारखाच हार पडला असेल. हार घालणाऱ्याला फरक कळला नाही, खाटेवर पडलेल्या बाईला तो एका दिवसात कळला.

आपल्या धर्मात चार दानं सांगितलीत: आहार, औषध, शास्त्र म्हणजे ज्ञान, आणि अभय. दुसऱ्या डॉक्टरांनी फी घेतली, त्यांना घर चालवायचंय, त्यात काही चुकीचं नाही. पण फी घेऊनही त्यांनी औषधासोबत अभय दिलं. पहिल्याकडून औषध मिळालं आणि भीती मिळाली. मला वाटतं, यशाची विचारपूस करायचीच असेल तर ती इथे करावी: या माणसाच्या विद्येमुळे समोरच्याची भीती कमी झाली की वाढली? हा प्रश्न डॉक्टरला विचारता येतो, वकिलाला विचारता येतो, शाळेतल्या बाईंना आणि तहसिलातल्या कारकुनालाही विचारता येतो. आणि हो, सुनेवर आवाज चढवणाऱ्या माझ्यासारख्या सासूलाही.

जावेच्या त्या बोलण्यानंतर काही महिन्यांनी आम्ही बायका मळखेडला दर्शनाला गेलो होतो. कलबुर्गीहून सेडमच्या वाटेवर कागिणा नदीच्या काठी हे गाव. आज बघाल तर पडका किल्ला, जुनं नेमिनाथाचं मंदिर, आणि आजूबाजूला सिमेंटच्या कारखान्यांची धूळ. पण हेच मान्यखेट, राष्ट्रकूटांची राजधानी. नवव्या शतकात इथे अमोघवर्ष राजा साठ वर्षांहून जास्त काळ राज्य करत होता, आणि आदिपुराण लिहिणारे जिनसेन आचार्य त्याचे गुरू होते. म्हणजे शिकण्या-शिकवण्याची मोठी परंपरा आपल्या अंगणातलीच आहे, ती काही कोट्याहून आलेली नाही.

त्या आदिपुराणातल्या दोन गोष्टी मला तिथे पायऱ्यांवर बसल्या बसल्या आठवल्या. पहिली तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. ऋषभदेवांनी आपल्या मुलींना जवळ बसवून शिकवलं, ब्राह्मीला अक्षरं आणि सुंदरीला अंक. लेकींना शिकवण्याची गोष्ट ज्या धर्माच्या पुराणात इतक्या मानानं आलीय, त्या धर्माच्या घरात माझी आजी अंगठा लावत होती! तेव्हा शिक्षणाला कमी लेखण्याचा हक्क आपल्याला नाहीच.

दुसरी गोष्ट, ऋषभदेवांनी लोकांना पोट भरण्यासाठी सहा कामं शिकवली. असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य, शिल्प. तलवार, लेखणी, शेती, विद्या, व्यापार, कारागिरी. सहाही एकाच ओळीत. मोठी विद्या शिकली म्हणून नांगर धरणारा मागच्या सतरंजीवर बसला पाहिजे, असं मला तरी त्या ओळीत दिसत नाही. तो क्रम आपण लावला. माझ्या वहीत तर मीच लावला.

आपल्याच दोन जिल्ह्यांकडे बघा. कलबुर्गीची तूर देशभर जाते. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. पण तूर पिकवणाऱ्याच्या पोराला मुलगी द्यायला आपण तयार नसतो. बीदरचं बिदरी काम घ्या. जस्त-तांब्याचं भांडं, त्यावर कोरून बसवलेली चांदीची तार, आणि किल्ल्यातल्या मातीत उकळून आणलेला तो काळा रंग. २०२३ साली बिदरीचे कलावंत शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. ही विद्या कुठल्या प्रवेश परीक्षेत बसत नाही. बोटांना ती यायला निम्मं आयुष्य जातं. आपण लग्नात बिदरीचं भांडं हौसेनं भेट देतो, पण ते कुणी घडवलं हे विचारत नाही.

अमोघवर्षाच्या काळातलेच महावीराचार्य. त्यांचा गणितसारसंग्रह हा गणिताचा ग्रंथ. गणित कुठे कुठे लागतं हे सांगताना त्यांनी संगीत, वैद्यक, वास्तू यांच्यासोबत स्वयंपाकही घेतलाय. हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं. पन्नास माणसांच्या पंगतीला किती डाळ, किती तांदूळ, हे न मोजता सांगणाऱ्या बायका आपल्या समाजात घरोघरी आहेत. त्यांना गणित येत नाही असं कोण म्हणेल?

स्वतः अमोघवर्षाची गोष्ट आणखी वेगळी. त्याच्या नावानं ओळखली जाणारी प्रश्नोत्तर रत्नमालिका आहे. छोटे छोटे प्रश्न आणि त्यांची उत्तरं. विवेकानं राज्य सोडलेल्या राजानं ही रचली, असं तिच्या शेवटी म्हटलेलं आहे. मळखेडला ही गोष्ट ऐकून आमच्यातल्या एकजण म्हणाल्या, ‘बघा, सगळं मिळूनही त्यात काही नाही हे त्याला कळलं. पोरांना हेच सांगायला पाहिजे.’ मी मान हलवली, पण परतीच्या गाडीत मला ते टोचत राहिलं. राजानं राज्य सोडलं, कारण त्याच्याकडे राज्य होतं. माझ्या पुतणीनं काही सोडलेलं नव्हतं. तिला नाकारलं होतं. जिच्या हातातून घास निसटला, तिला त्यागाचं प्रवचन देणं हा क्रूरपणा आहे. आणि बहुतेक वेळा ते प्रवचन ज्यांचं पोट भरलेलं असतं, तेच देतात.

म्हणून मी तिला उपदेश करायला गेले नाही. माफी मागायला गेले. तोवर तिनं लॅब टेक्निशियनचा कोर्स संपवला होता आणि कलबुर्गीत एका लॅबमध्ये कामाला लागली होती. मैत्रिणीबरोबर एक खोली, कोपऱ्यात गॅस, खिडकीत पार्श्वनाथांचा छोटा फोटो. धर्म कुठेही लांब गेलेला नव्हता.

मी म्हटलं, ‘बाळ, माझं चुकलं.’ ती काही बोलली नाही, चहा टाकला. मग आपणहून कामाचं सांगायला लागली. दिवसाला शेकड्यानं नळ्या येतात. नमुन्यावरची नावं सारखी असतात, एकाच नावाचे दोघे-तिघे असतात. ‘मोठी आई, रिपोर्टवर सही डॉक्टरांची असते, पण नळीवरचं नाव मी चिकटवते. तिथे अदलाबदल झाली तर पुढचं सगळं चुकतं. म्हणून मी प्रत्येक नाव दोनदा वाचते. बाकीचे हसतात मला.’

मी नकळत तोंड उघडलं, ‘यंदा तुझा सत्कार...’

‘नको,’ ती लगेच म्हणाली. ‘मला दुसऱ्या कुठल्या यादीत घालू नका. बिचारी, डॉक्टर झाली नाही पण बघा कशी उभी राहिली, असं माइकवर म्हणाल तुम्ही. मला ते ऐकायचं नाही. आणि खरं सांगू? मला अजूनही डॉक्टर व्हायला आवडलं असतं. ते दुःख आहे, ते राहू दे. फक्त विचारू नका.’

हे मी तुम्हाला जसंच्या तसं सांगितलं, कारण मला यात शिकण्यासारखं वाटलं. तिच्या कामाला अर्थ आहे आणि तिचं दुःखही खरं आहे. एकानं दुसरं पुसून टाकायची घाई आपल्याला असते, तिला नव्हती.

आपल्या समाजातल्या ज्या माणसाचं नाव आपण शिक्षणासाठी सगळ्यांत आधी घेतो, त्यांची आठवण इथे होते. कर्मवीर भाऊराव पाटील. जन्म १८८७, कुंभोज. जैन शेतकरी कुटुंबातले. ते मॅट्रिकही झाले नाहीत. माझ्या वहीत त्यांचं नाव आलं नसतं. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृह उभं केलं, कमवा आणि शिका हे तिथल्या मुलांना शिकवलं. पुढे १९५९ साली पुणे विद्यापीठानं त्यांना डी.लिट. दिली. लोक ही गोष्ट सांगतात ती ‘बघा, मॅट्रिक न होताही माणूस मोठा होतो’ असं म्हणून. मला ती उलटी वाटते. डिग्री फुकट आहे असं त्यांना वाटलं असतं, तर त्यांनी उभं आयुष्य दुसऱ्यांच्या पोरांना शिकवण्यात कशाला घातलं असतं? स्वतःला न मिळालेली गोष्ट किती मोलाची आहे, हे ओळखून त्यांनी ती वाटली. वाटण्यात त्यांचं यश होतं.

आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई? बोर्डिंगातल्या मुलांच्या पोटासाठी त्यांनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा दिलं. १९३० साली त्या गेल्या, संस्था मोठी झालेली त्यांना बघायला मिळाली नाही. त्यांच्या यशाला कुठला रकाना आहे? मी वही बघितली. ‘वडिलांचं नाव’ असा रकाना आहे, आईच्या नावाचा रकानाच नाही. पहाटे चारला उठून चहा करून देणारी, परीक्षेच्या दिवशी उपवास धरणारी, लातूरच्या खोलीत पोरीसोबत वर्षभर राहून नवऱ्याचं आणि सासऱ्याचं जेवण मागे टाकल्याबद्दल बोल ऐकणारी बाई. यादी लिहिणारी मीच बाई, आणि १९ वर्षांत मला हे सुचलं नव्हतं.

दशलक्षणातला दुसरा दिवस उत्तम मार्दवाचा. त्या दिवशी आपण आठ मद ऐकतो. त्यांत पहिला ज्ञानाचा मद, दुसरा पूजेचा, म्हणजे मानसन्मानाचा. त्या वर्षी रविवार आला म्हणून आमचा सत्कार नेमका याच दिवशी ठरला. सकाळी मद सोडा म्हणून प्रवचन आणि संध्याकाळी मी माइकवर टक्के वाचणार! मी बैठकीत म्हटलं, यंदा यादी बदलू या.

बैठक तापली. एक ज्येष्ठ काका म्हणाले, ‘मग काय नापासांना हार घालूलालाव का आता?’ सगळे हसले. पण मला गप्प केलं ते एका आईनं. त्यांचा मुलगा त्या वर्षी एमबीबीएसला लागला होता. त्या म्हणाल्या, ‘माझ्या लेकरानं दोन वर्षं झोप मोडली. तुमच्या पुतणीचं झालं नाही म्हणून माझ्या पोराचं कौतुक कमी करायचं का?’ प्रश्न बरोबर होता. माझ्याकडे त्याचं पूर्ण उत्तर नव्हतं, आजही नाही. कष्टाचं कौतुक झालंच पाहिजे. पण त्याचं कौतुक करताना दुसऱ्याचं पोर सतरंजीवर मान खाली घालून बसणार असेल, तर कौतुक करायची रीत आपण पुन्हा तपासायला हवी, एवढंच मी म्हटलं.

शेवटी तडजोड झाली. टक्के आता माइकवर वाचत नाही. नावं अक्षरक्रमानं येतात, आणि दहावी-पीयूसी दिलेल्या प्रत्येक मुलाला ग्रंथ मिळतो. नावाबरोबर आई आणि वडील दोघांचंही नाव वाचते. आणि दरवर्षी एक खुर्ची अशा माणसासाठी ठेवतो, ज्यानं आपलं काम दहा वर्षं तरी सचोटीनं केलंय. मग ते काम कुठलंही असो. पहिल्या वर्षी त्या खुर्चीवर एक निवृत्त शाळाबाई बसल्या. दुसऱ्या वर्षी मुनिमहाराजांच्या आहाराचं पाणी वर्षानुवर्षं गाळून ठेवणाऱ्या एक आजी. त्यांना समजेना, आपल्याला कशाबद्दल बोलावलंय. काही घरांना हे आवडलेलं नाही. ‘सत्काराची मजा गेली’ असं माझ्या कानावर येतं. गेली असेल.

माझा स्वतःचा मुलगा बेंगळुरूला इंजिनिअर आहे. चांगला आहे, फोन करतो, पैसे पाठवतो. त्याला मी आयुष्यात एकच विचारत आले, पगार वाढला का. आता विचारते, आज कुणाचं काय काम केलंस? पहिल्यांदा तो गोंधळला. ‘आई, काय सांगू? सकाळी मीटिंग, संध्याकाळी मीटिंग.’ मागच्या महिन्यात मात्र त्यानं अर्धा तास सांगितलं, नव्यानं आलेल्या एका मुलाला तो रोज थोडं शिकवतो म्हणून. मला त्यातलं अर्धं कळलं नाही. पण त्याचा आवाज पगाराच्या फोनपेक्षा वेगळा होता, हे आईला कळतं.

पुतणी सत्काराला आली नाही, पुढच्या वर्षीही नाही. मीही बोलावलं नाही. परवा एका साध्या मंगळवारी, कुठली तिथी नाही की पर्व नाही, ती सुटीवर आलेली देवळात दिसली. दर्शन करून पायऱ्या उतरत होती. मी दारातच उभी होती. मला पाहून क्षणभर थांबली.

उन्हं कलली होती, पण दिवस मावळायला अजून वेळ होता. मी म्हटलं, ‘घरी चल. भाकरी टाकते, सूर्यास्ताच्या आत जेवून घेऊ.’

ती आली.